तहाच्या पाठीमागे

आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या बिल्डिंगमध्ये मी आफ्रिकेत शिकारीला गेलो होतो हे वॉचमनपासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण जायच्या आधी सहा महिने मीच बोंबलत फिरत होतो. परत आल्यापासून मात्र माझी वाचा बसलीय. काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या संजयने पकडलंच. "फ्रँकभाई, रेडा मारलात ना? मग पार्टी कुठाय? फोटो कुठाय?" मी "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत तिसऱ्याच मजल्यावर उतरलो. राहतो मी सहाव्यावर. असं किती दिवस चालणार? म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो. मधे कोणी बोलायचं नाही. मला राग लवकर येतो, आणि या गोष्टीत तो आधीच भरपूर आहे.

मी फ्रँक डाबरे, वसईचा. धंदा मांसाचा. अठरा वर्षं अबुधाबीच्या एका मोठ्या हॉटेलात बुचरी सेक्शनला काढली, आता स्वतःची मीट सप्लायची कंपनी आहे. शिकारीचं वेड आज्याकडून आलं. माझा आजा ठासणीची बंदूक घेऊन केळीच्या बागांत शिरणारी रानडुकरं मारायचा. पुढे कायदा आला, बंदूक पोलिसात जमा झाली, पण गोष्ट घरात राहिली: एक बार, एक डुक्कर, दुसरा बार आज्याला कधी काढावा लागला नाही. माझी मुलगी अस्मी ही गोष्ट जन्मल्यापासून ऐकतेय. आता ती सोळाची आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली. आपण मराठीत विचारायचं, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार.

यंदा कंपनीला दहा वर्षं झाली. माझी बायको जीन म्हणाली, युरोपला जाऊ. मी म्हटलं, टांझानिया. लायसन्स, गाइड, तंबू, सगळं रीतसर. परवान्यावर एक रानरेडा आणि एक-दोन हरणं. सात दिवसांचा दिरहममधला आकडा ऐकून जीनच्या भुवया वर गेल्या, आणि मोठ्याने रुपयांत करून बघितल्यावर ती सोफ्यावर बसलीच. "एवढ्यात वसईत विहिरीसकट वाडी येईल, फ्रँक." पण माझं एकदा ठरलं की ठरलं. तीन महिने दर शनिवारी शूटिंग क्लबला जाऊन मी कागदी वर्तुळांना भोकं पाडली. कोच म्हणाला, हात चांगला आहे, फक्त घाई करू नका. हे मला बायको लग्नाच्या दिवसापासून सांगतेय.

निघायच्या आदल्या दिवशी जीनने तिघांचे नवे खाकी कपडे बखूरच्या धुरावर धरले. आता यात तिची काय चूक? इथे आपण सगळेच धरतो. कुणाकडे जायचं म्हणजे कपड्यांना उदाचा वास हवाच. मग एवढा खर्च करून आफ्रिकेला काय ओशट वासाने जायचं? मलाही बरं वाटलं. तिकडे तंबूत बॅग उघडली तर नुसता घमघमाट.

कँपवर आमची दोन माणसांशी गाठ पडली. एक अँड्र्यू, आमचा गाइड. तिथेच जन्मलेला गोरा, साठीचा, दिवसाला वीस शब्द बोलणारा. दुसरा तहा, जनावरांचा माग काढणारा. पस्तिशीचा सडपातळ माणूस, पायात गाडीच्या टायरच्या वहाणा. आम्ही दुबईचे म्हटल्यावर तो चक्क हिंदीत सुरू झाला. "हम तीन साल ड्रॅगन मार्ट में सिक्युरिटी था, बॉस. इंटरनॅशनल सिटी में रूम. एक रूम, आठ आदमी." अरे, मला इतका आनंद झाला! हजारो मैलांवर रानात आपला माणूस भेटला. मी "हबीबी!" करून त्याला मिठीच मारली. त्याने माझ्या शर्टाचा वास घेतला आणि अँड्र्यूकडे बघितलं.

पहिले दोन दिवस आम्ही पाय तुटेस्तोवर चाललो, माझा जुना दुखरा गुडघा सुजला. रेड्यांच्या खुरांचे ठसे दिसायचे, गरम शेण दिसायचं, आणि आम्ही जवळ जाईपर्यंत कळप धूळ उडवत पसार. दुसऱ्या संध्याकाळी तहाने घसा खाकरला. "बॉस, गुस्सा नहीं करना. तुम्हारे कपडे में देरा का पूरा अत्तर बाजार है. हवा उधर जाती है तो जानवर को मालूम, दुबईवाला आया." अस्मी हसून हसून खुर्चीतून खाली आली. जीन लाल झाली. सगळे कपडे त्या संध्याकाळी नदीवर धुवून शेकोटीच्या धुरावर वाळवले. मीही हसलो, पण आतून तापलो होतो. सातातले दोन दिवस पाण्यात.

तिसऱ्या सकाळी आठच्या सुमारास कळप सापडला. तिथली चालायची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तहा सगळ्यात पुढे. हातात फक्त एक काठी, नजर जमिनीवर. त्याच्यामागे बंदूक घेऊन अँड्र्यू, मग बंदूक घेऊन मी. माग काढणाऱ्याने मान वर करायची नाही. त्याच्या जिवाची काळजी मागच्या बंदुकांनी घ्यायची. म्हणजे तो आपली पाठ आपल्या हवाली करून चालत असतो. जीन कँपवरच राहिली होती, आणि अस्मीला आम्ही ड्रायव्हरबरोबर मागे एका उंच वारुळावर दुर्बीण देऊन बसवलं होतं.

सत्तर-ऐंशी पावलांवर रेडा. शिंगं अशी की बघतच राहावं. तहाने लाकडी तिकाटणं उभं केलं, मी त्यावर बंदूक टेकवली. अँड्र्यू कानात म्हणाला, "वेट. लेट हिम टर्न." रेडा तिरका उभा होता, जरा वळला असता तर खांदा समोर आला असता. मी नाही थांबलो. दोन दिवस वाया गेलेले, लेक दुर्बिणीतून बघतेय, आणि डोक्यात आज्याचा एक बार. ओढला घोडा.

आता ऐका. गोळी लागल्याचा आवाज मी ऐकला. थप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. हाडावर बसली असती तर कडक आवाज आला असता. ही पोटात, वजडीत गेली होती. जन्मभर जनावरं उघडणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मला कळलं, त्याच क्षणी कळलं. रेड्याने पाठ वाकवली, आणि सगळा कळप त्याच्यासकट झाडीत घुसला.

"हिट?" अँड्र्यूने विचारलं. वारा सुटला होता, त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

तहाने स्वतःच्या पोटावर पंजा ठेवला. "इधर लगा."

आणि मी म्हणालो, "नो. वरून गेली. मिस."

का म्हणालो? तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो. लाज. दुसरं काही नाही. पोटात मारलेला रेडा म्हणजे शिकाऱ्याचं नाक कापलं. हुकला तर हुकला, बड्या बड्यांचा हुकतो. पण अर्धवट मारलेलं जनावर म्हणजे नवशिक्या, घाईखोर, कसाई. आणि मी तर खरोखरचाच खाटीक.

तासभर शोधलं. रक्ताचा थेंब नाही. पोटाची जखम आतल्या आत वाहते, आणि कळपाने जमीन तुडवून ठेवलेली. तहा म्हणत होता, पुढे जाऊ, झाडीपर्यंत जाऊ, लागलीय. अँड्र्यू एकदा त्याच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. तेव्हा मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा. "ये झूठ बोलता है! गोळी मैंने मारी, मालूम मुझे होगा की इसको? टाइम खराब करता है!" माझ्या कंपनीत मी ड्रायव्हरवर ओरडतो त्याच आवाजात.  तहाने काठी उचलली आणि गाडीकडे चालू लागला. अँड्र्यू म्हणाला, "ओके. क्लायंट सेज मिस." खलास. विषय संपला.

कँपवर जेवायला वाढलं. अस्मीने ताटाला हात लावला नाही. जीनने विचारलं, बरं नाही का? तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "डॅड, यू हिट इट. आय सॉ."

"तुला काय कळतंय? गप्प जेव," मी म्हटलं. खाई त्याला खवखवे. माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकी तंबूतून डोकावला.

"तहा टोल्ड द ट्रुथ. अँड यू कॉल्ड हिम अ लायर."

"तो सांगेल ते खरं आणि बाप सांगेल ते खोटं?"

मग ती जे बोलली ते अजून माझ्या छातीत आहे. हॉटेलात असताना एका गेस्टने तक्रार केली होती की मांस शिळं आहे. मी ते सकाळी माझ्या हाताने कापलं होतं, ताजं होतं. मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या स्टाफसमोर मला खोटारडा ठरवलं. पुढे वर्षभर किचनमधली पोरं माझ्या पाठीमागे हसत होती. हे मी अस्मीला शंभर वेळा सांगितलंय, दर वेळी तितकाच चिडून. ती शांतपणे म्हणाली, "टुडे यू आर द गेस्ट, डॅड."

 माझ्या तोंडाकडे बघून जीनला कळलं. "फ्रँक," ती एवढंच म्हणाली, "त्या बाजूला गावातली माणसं मध काढायला जातात. सकाळी स्वयंपाकी सांगत होता."

मी उठलो.  अँड्र्यूच्या तंबूपर्यंतची तीस पावलं मला दुबई-अबुधाबी रस्त्याएवढी लांब वाटली. पण ठरवलं, आता मागे फिरायचं नाही. तो नकाशा बघत होता, तहा बाहेर बसून कोयत्याला धार लावत होता. मी दोघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आय लाइड. लागली होती. पोटात. तहा खरं सांगत होता."

अँड्र्यूने घड्याळ बघितलं. पावणेबारा. चिडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "पावणेचार तास," तो म्हणाला. "जखमी रेडा आता झाडीत उभा असेल. वाट बघत." आणि तो गोळ्या मोजायला लागला.

तहा उठला. माझ्याकडे न बघता अँड्र्यूशी त्यांच्या भाषेत बोलला. मग माझ्याकडे वळून, मला नीट कळावं म्हणून, हिंदीत म्हणाला, "हम जाएगा. लेकिन ये आदमी मेरे पीछे बंदूक ले के नहीं चलेगा."

कुणीतरी कानफटात मारावी तसं झालं. अँड्र्यू मला म्हणाला, तुम्ही कँपवर थांबा, हे आमचं काम आहे, क्लायंटने यात पडायचं नाही. मी म्हटलं, "नाही. घाण मी केलीय, निस्तरायला मी येणार."

"बंदुकीशिवाय?"

"बंदुकीशिवाय. त्याच्या पाठीमागे नको ना? मग त्याच्या बाजूने चालतो."

"तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे, मी बघतो." मागून आलेल्या जीनने माझा हात धरला. मी म्हटलं, तू मला आता अडवू नकोस, आता अडवलंस तर मी पुन्हा कधी पोरीच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. तिने हात सोडला आणि पाण्याची बाटली दिली. अँड्र्यूने तहाकडे बघितलं. तहाने खांदे उडवले.

गोळी झाडली होती तिथून पुन्हा सुरुवात. तहा गुडघ्यांवर बसून गवताची पाती उलटी करून बघत होता. झाडीच्या तोंडाशी त्याने एक पातं दाखवलं. रक्त नव्हे, हिरवट चोथा. पोटातला. त्याने अँड्र्यूला दाखवलं, मला दाखवलं नाही. तरी मी बघितलं, आणि मला स्वतःची किळस आली.

काटेरी झुडपं, माथ्यावर ऊन, दहा पावलांवरचं दिसत नाही. गुडघा ठणकत होता. दोनदा अँड्र्यू मागून कुजबुजला, इथेच थांबा. मी मान हलवली आणि चालत राहिलो. तहाच्या डाव्या खांद्याशी, हातात पाण्याची बाटली. आता मला कळलं, पुढे चालणं म्हणजे काय असतं. प्रत्येक झुडपाआड तो उभा आहे असं वाटतं, आणि तुमच्या हातात काही नाही. हा माणूस हे रोज करतो. माझ्यासारख्यांच्या भरवशावर.

साडेतीनला माग सरळ पुढे जात होता. तहा वाकून पुढे सरकला, आणि माझ्या नाकात वास शिरला. फुटलेल्या वजडीचा आंबूस, जड वास. तो मला झोपेतही कळेल. पण तो पुढून येत नव्हता, डावीकडून येत होता. जनावर फिरून मागे आलं होतं आणि स्वतःच्याच मागाच्या बाजूला दबा धरून उभं होतं. मी तहाचा खांदा पकडून मागे खेचला आणि डावीकडे बोट केलं. तेवढ्यात झुडूप फुटलं.

मी काही वीर वगैरे नाही, डोळे मिटूनच घेतले. अँड्र्यूचे दोन बार ऐकू आले. डोळे उघडले तेव्हा रेडा सहा पावलांवर गुडघे टेकून पडत होता. तहा सुरी काढून धावला. श्वास असेपर्यंत गळ्यावर सुरी फिरली नाही तर कँपच्या माणसांना ते मांस चालत नाही. ही घाई मला अठरा वर्षांची ठाऊक. मी धावत जाऊन शिंग दाबून धरलं, तो बिस्मिल्ला म्हणाला आणि सुरी फिरवली. मग आम्ही दोघेही तिथेच बसलो. मी रडलो. हो, रडलो, त्यात काय लपवायचं?

तहाचं म्हणणं, मी खेचलं नसतं तरी तो थांबणारच होता. असेल. मी वाद घातला नाही.

कँपवर कातडं काढायला दोघे पुढे झाले. मी म्हटलं, सुरी मला द्या. शर्ट काढला आणि माझं काम मी सुरू केलं. अस्मी आणि जीन बाजूला उभ्या होत्या. पोट उघडल्यावर मी स्वयंपाक्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना बोलावलं. आत हात घालून माझी गोळी काढली, वर धरली, आणि सकाळच्याच आवाजात, जेवढ्या मोठ्याने खोटं बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने म्हणालो, "तहा ने बोला था, इधर लगा. देखो, इधर ही है. झूठ मैं बोला. ये नहीं." मग तेच इंग्लिशमध्ये म्हणालो, आणि अँड्र्यूने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. सगळे तहाकडे बघायला लागले. तहाने हात धुतले आणि तंबूत निघून गेला. मी माफी मागायला मागून गेलो तर म्हणाला, "अभी नहीं, बॉस." बरोबरच होतं त्याचं. माझ्या सोयीने त्याने माफ कशाला करावं?

फोटो मी काढू दिला नाही. पुढचे तीन दिवस बंदूक गाडीतच राहिली. अँड्र्यू म्हणाला, पैसे भरलेत तर तंबूत आराम करा. मी रोज पहाटे उठून त्यांच्याबरोबर गेलो. पाणी उचललं, तिकाटणं उचललं, तहाच्या बाजूने चाललो. चौथ्या दिवशी तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने मला नराच्या आणि मादीच्या खुराचा ठसा कसा ओळखायचा ते दाखवलं. सहाव्या दिवशी त्याने विचारलं, ड्रॅगन मार्टच्या मागची ती पाकिस्तानी चहाची टपरी अजून आहे का. मी म्हटलं, आहे. अस्मी आमच्यामागून येत होती. त्या संध्याकाळी जेवताना ती माझ्या बाजूची खुर्ची ओढून बसली.

शेवटच्या सकाळी कँपसाठी एक हरीण मारायचं होतं. परवान्यावर ते बाकी होतं. मी नेहमीसारखा पाण्याच्या बाटल्या घेऊन गाडीतून उतरलो. तहा गाडीच्या मागे गेला. बंदुकीचं कव्हर उघडून त्याने माझी बंदूक बाहेर काढली, चेंबर रिकामा आहे का ते बघितलं, आणि माझ्यासमोर धरली. अँड्र्यूने मान हलवली. मी बाटल्या खाली ठेवल्या. दोन्ही हातांनी बंदूक घेतली.

"यल्ला, बॉस, चलो," तो म्हणाला. काठी उचलली, नजर जमिनीवर लावली आणि पुढे चालू लागला. मी त्याच्या मागे. रेडा अंगावर आला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. नदीपर्यंत दोन तास चाललो, आणि त्या दोन तासांत त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.